रोजच्या दिवसाचा फोटो

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाई येथे केलेले भाषण)





मंडळाच्या वाढदिवशी माझ्यासारखीला बोलायला उभी करायची हा चिटणीसबाईंचा धीटपणा आहे, माझा नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावची शाळा तिथवरच होती. पुढचे हायस्कूल दोन कोसांवर, वाटेत ओढा, आणि एकट्या मुलीला पाठवायची घरात कोणाची तयारी नव्हती. लग्न होऊन वाईत आले त्याला २५ वर्षे झाली. या २५ वर्षांत मी भाषणे केली ती स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता. आणि ती ऐकायला घरात कोणी थांबत नसे. आज तुम्ही इतक्या जणी सतरंजीवर बसून ऐकता आहात, तेव्हा चुकले माकले गोड मानून घ्या.

चिटणीसबाई म्हणाल्या, "तू येता-जाता फोटो काढत असतेस, त्यावरच बोल." विषय सोपा आहे असे वाटून मी हो म्हटले. मग चार दिवस विचार करीत बसले, की खरेच, मी फोटो का काढते? जे सुचले ते तुमच्यापुढे ठेवते.

आपल्या वाईला कॅमेऱ्याचे अप्रूप नाही. ढोल्या गणपतीचे देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधले. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेला पूर आला तर पाणी दोहो बाजूंना वळावे म्हणून. त्या देवळाचे आणि घाटाचे फोटो काढायला कोठून कोठून माणसे येतात. सिनेमावाल्यांचे तर हे माहेरच झाले आहे. 'गंगाजल' २००३ साली आला, 'स्वदेस' २००४ साली, 'दबंग' २०१० साली. 'स्वदेस'मधला मेणवलीचा घाट तर साऱ्या जगाने पाहिला. पडद्यावर आपले गाव कधी बिहारात जाते, कधी उत्तर प्रदेशात. आपण दोरीच्या बाहेर उभ्या राहून ते पाहत होतो, आठवते ना?

पण भगिनींनो, घाट साऱ्या देशाने पाहिला, तरी त्याच घाटावर रोज पहाटे धुण्याची बादली घेऊन उतरणारी बाई कोणी पाहिली? तिच्या स्वतःच्या घरात तरी तिचा तसा एक फोटो आहे का? मला वाटते, नसेल. आमच्याही घरात नव्हता.

आमच्या मामंजींना फोटोची फार हौस. आग्फा कंपनीचा 'क्लिक थ्री' नावाचा कॅमेरा त्यांनी घेतला होता. तो अजून कपाटात आहे. एका रोलवर १२ फोटो निघत. रोलला पैसे, धुवायला पैसे, छापायला पैसे. म्हणून फोटो काढायचा तो प्रसंगाचाच. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी फोटोंची पत्र्याची पेटी खाली काढली आणि मोजदाद केली. १४० फोटो निघाले. लग्ने, मुंजी, बारशी, नवी स्कूटर आणली तो दिवस, काशीयात्रेहून परत आल्यावरचे मावंदे. स्वयंपाकघरातला एकही नाही. सासूबाई एकंदर ११ फोटोंत आहेत, आणि अकराही ठिकाणी लग्नाकार्याचे लुगडे आणि खाली घातलेली मान. पदर खोचून जात्यावर बसणाऱ्या, भाजी निवडता निवडता खुदकन हसणाऱ्या सासूबाई माझ्या मुलीला ठाऊकच नाहीत. ती जन्मली तेव्हा त्या गेलेल्या होत्या. यात मामंजींचा दोष नाही हो. १२ फोटोंत संसार कसा मावणार?

आता ती अडचण उरली नाही. २०१९ साली लेकीने नवा मोबाईल घेतला आणि जुना माझ्या हातात आला. त्यात बाराची मर्यादा नाही, रोल संपत नाही, धुवायला टाकावा लागत नाही. तरी आपण फोटो काढतो कशाचे? तेच! लग्न, वाढदिवस, केक, नव्या साड्या नेसून ओळीने उभ्या राहिलेल्या आपण. रोल गेला, पण रोल पुरवून वापरायची सवय अंगात राहिली.

म्हणून आज मला सांगायचे आहे ते एवढेच. प्रसंगाचा फोटो कोणीही काढील, त्याला पैसे देऊन माणूस बोलावता येतो. रोजच्या दिवसाचा फोटो आपला आपण काढला पाहिजे. रोजचा दिवस आपल्या हातून घडतो, आणि घडवणारीचे हात सोडून दुसऱ्या कोणाला तो दिसत नाही.

मी सुरुवात केली तेव्हा घरात थट्टा झाली. सकाळच्या उन्हात पालथी घातलेली पितळी भांडी चमकत होती, त्यांचा फोटो काढला. आमचे हे म्हणाले, "भांड्यांचे कसले फोटो? भांडी काय पळून चालली आहेत?" मी म्हटले, "भांडी राहतील हो, सकाळ पळते." त्यावर ते काही बोलले नाहीत. चहा मात्र मुकाट्याने प्याले.

कोणी म्हणेल, हा बायकांचा उद्योग आहे का? माझ्या लेकीने मला दोघी-तिघींची हकीकत वाचून दाखवली, ती सांगते. होमाई व्यारावाला या पारशी बाईंचा जन्म १९१३ साली नवसारीला झाला. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात त्या शिकल्या आणि वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या बाई ठरल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो यजमानांच्या नावाने छापून येत, कारण बाईचे नाव कोणाला माहीत नव्हते. पुढे दिल्लीत स्वातंत्र्याच्या वेळचे किती तरी फोटो त्यांनी काढले, तेही साडी नेसून आणि जड कॅमेरा वागवून. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ साली त्या वारल्या. दुसऱ्या मनोबिना रॉय, सिनेमाचे दिग्दर्शक बिमल रॉय यांच्या पत्नी. त्या आणि त्यांची जुळी बहीण देबलीना मजुमदार, दोघींना वडिलांनी १२ व्या वर्षी कॅमेरे दिले. दोघींनी तो धंदा म्हणून केला नाही. संसार सांभाळून, हौस म्हणून, घरातल्या नि ओळखीच्या माणसांचे फोटो त्या जन्मभर काढत राहिल्या. आज लोक ते जपून ठेवतात आणि मुद्दाम पाहायला जातात. मी काही त्यांच्या पंक्तीला बसत नाही. पण घर सांभाळणाऱ्या बाईने कॅमेरा हातात धरणे ही आजची टूम नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे.

आता मांजरांकडे वळते, कारण माझी खरी शिकवणी मांजरांनी घेतली.

आमच्या आळीत तीन मांजरे आहेत. एक हळद्या बोका. आपल्या वाईच्या हळदीसारखाच त्याचा रंग, म्हणून हे नाव. दुसरी काजळी, नखशिखांत काळी. तिसरी गोधडी, तिच्या अंगावर पांढरे, काळे, केशरी असे तुकडे जोडलेले. लेकीने सांगितले की, अशी तीन रंगांची मांजर बहुतेक मादीच असते आणि केशरी बहुधा बोका असतो. काळा की केशरी हे ज्या गुणसूत्रावर ठरते ती मादीकडे दोन असतात नि नराकडे एक, म्हणून दोन्ही रंग एका अंगावर यायचे ते मादीच्याच. आपण म्हणतो, मांजर सात घरे फिरते. आमची तिन्ही सात घरे फिरतात, पण जेवायला कोठे जायचे हे त्यांचे ठरलेले आहे. ते पुढे सांगते.

माणसाला "फोटो काढते" म्हटले की तो ताठ होतो, पोट आत घेतो, आणि चेहरा असा करतो की जणू दाढ दुखते आहे. मांजर तसे करीत नाही. त्याला फोटोची किंमतच नाही! म्हणून मांजराच्या मागे लागून जे शिकले ते माणसांना उपयोगी पडले. पहिले, खाली बसायचे. उभ्याने काढलेल्या फोटोत मांजराची पाठ दिसते, जमिनीवर बसून काढला की त्याचे तोंड दिसते. लहान मुलांचेही तसेच, आणि पाटावर बसून काम करणाऱ्या बाईचेही तसेच. दुसरे, उजेड खिडकीचा किंवा दाराचा घ्यायचा, आणि तो समोरून नको, बाजूने यावा. खिडकीकडे पाठ करून बसवले तर चेहरा काळा येतो. तिसरे, मांजरावर झगमगीत फ्लॅश टाकू नये. त्याच्या डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो, त्यावरून प्रकाश परततो आणि डोळे भुतासारखे हिरवे दिसतात. शिवाय ते बिचारे दचकते. चौथे, बोटांनी चित्र मोठे करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे, फोटो स्वच्छ येतो. आणि सर्वांत आधी, कॅमेऱ्याची काच सुती पदराने पुसून घ्यावी. आपला मोबाईल तेलाच्या नि पिठाच्या हाताचा असतो.

जाता जाता मांजराविषयी दोन गोष्टी, कारण आपल्याकडे लहान मुले आहेत. मोठ्या मांजराला दूध पुष्कळदा पचत नाही, पोट बिघडते. त्याला पाण्याची वाटी ठेवावी. आणि मांजराने ओरबाडले किंवा चावले तर हळद दाबून बसू नये. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून सुई घ्यावी. माया करावी, पण डोळे उघडे ठेवून करावी.

काजळीने मला एक कोडे घातले होते. तिचा फोटो काढला की ती राखुंडी फासल्यासारखी फिकट यायची. आणि भाताचा फोटो काढला की पांढराशुभ्र आंबेमोहोर मळकट दिसायचा. बाजारातल्या स्टुडिओवाल्या भाऊंनी गोम सांगितली. कॅमेरा भोळा असतो. समोर मांजर आहे की भात, हे त्याला कळत नाही. सारे जग मधल्या राखाडी रंगाचे आहे असे धरून तो चालतो. म्हणून काळे उजळतो आणि पांढरे काळवंडतो. बहुतेक मोबाईलमध्ये पडद्यावर त्या वस्तूवर बोट टेकवले की शेजारी छोटा सूर्य दिसतो. पांढऱ्या वस्तूसाठी तो वर सरकवायचा, काळ्यासाठी खाली. मैत्रिणींनो, करून पाहा. भात भातासारखा दिसतो आणि काजळी काजळासारखी.

खाण्याचे फोटो म्हटले की सजवलेले ताट डोळ्यांपुढे येते. मला त्याहून करण्यातले फोटो मोलाचे वाटतात. दर चैत्रात आम्ही चौघी मिळून कुरडया घालतो. शेजारच्या मास्तरीणबाई, शिवणकाम करणारी माझी मैत्रीण, हळदवाल्यांच्या वहिनी आणि मी. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, चौथ्या दिवशी वाटून गाळून घ्यायचे, रात्रभर निवळू द्यायचे, वरचे पाणी ओतून टाकायचे आणि जेवढा चीक तेवढ्या पाण्याला मीठ-हिंग घालून आधण आणायचे. इथपर्यंत कोणीही लिहून देईल. पण पुण्याहून मास्तरीणबाईंच्या सुनेचा फोन येतो, "आई, चीक कितपत शिजवायचा?" हे 'कितपत' सांगणार कसे? ते हातात असते. त्या वर्षी मी पातेल्याशेजारी बसून फोटो काढले. कच्चा चीक, घट्ट होत आलेला चीक, आणि शेवटी चकाकी आलेला, पळीवरून एकसंध गोळा पडणारा चीक. सुनेला ते पाठवले. तिच्या कुरडया साधल्या! तिने उलट तिच्या गॅलरीतल्या कुरड्यांचा फोटो पाठवला, तेव्हा मास्तरीणबाईंनी तो आळीत घरोघर नेऊन दाखवला.

त्याच दिवशीचा आणखी एक फोटो आहे. गच्चीवर वाळवण घातले, कावळे येऊ नयेत म्हणून गोधडीला राखणीला बसवली, आणि ती राखणदारीण धोतराच्या मधोमध, कुरड्यांच्या ओळी सोडून बरोबर मोकळ्या जागेत गाढ झोपली. हा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. हसून झाले की त्यात मागे पाहा. मागे चौघींच्या चपला आहेत, सोऱ्या आहे, चीक खाऊन रिकामी केलेली पोरांची ताटली आहे. तो दिवस सबंध त्यात आहे.

आता आपल्या खानावळवाल्या मावशींविषयी बोलते. नाव घेत नाही, त्यांना आवडले नसते. पण इथे बसलेल्या प्रत्येकीने त्यांच्या हातची भाकरी खाल्ली आहे. २६ व्या वर्षी कुंकू पुसले गेले, पदरात दोन मुलगे नि एक मुलगी. त्यांनी खानावळ काढली आणि ३० वर्षे चालवली. बँकेतले कारकून, शिकायला आलेली खेड्यातली मुले, बाजाराला आलेले शेतकरी, सगळे त्यांच्या पंक्तीला. बुधवारी आणि रविवारी मटणाचे ताट असे. आळीतल्या तिन्ही मांजरांना वार कळत, ते या खानावळीमुळे. बुधवारी सकाळी अकरालाच तिघे मागच्या पायरीवर ओळीने हजर!

मावशींचा फोटो काढायला गेले की त्या ताट पुढे करीत. "माझा कसला काढतेस? ताटाचा काढ." २०२१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते, गिऱ्हाईक सरले होते आणि त्या मागच्या दाराशी पाटावर बसून एकट्या जेवत होत्या. समोर काजळी बसली होती. मावशी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून स्वतः खात होत्या आणि एक बोटी तिच्यापुढे टाकत होत्या, आणि तिच्याशी बोलत होत्या. मी विचारले, "मावशी, काढू का?" त्या म्हणाल्या, "काढ, पण मांजराचा काढ हो." आणि हसल्या. मी जमिनीवर बसले, सूर्य थोडा खाली सरकवला आणि फोटो काढला.

दाखवला तेव्हा त्या पुष्कळ वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "अगं बाई, मी आईसारखी दिसायला लागले की." मग म्हणाल्या, "आईचा एकसुद्धा फोटो नाही. ती कशी दिसायची हे माझ्याबरोबरच जाणार." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तो कागदावर काढून आणायला सांगितले आणि पैसे घेतल्याशिवाय जाऊ दिले नाही.

२०२३ साली मावशी गेल्या. दिवसकार्याला भिंतीवर लावायला फोटो हवा, तर घरात एकच सापडला, कुठल्याशा ओळखपत्रावरचा. तो मोठा करून आणला. कोणी रागावल्यासारखा चेहरा, ओठ मिटलेले. आलेली माणसे पाहत आणि आपसात म्हणत, "मावशी अशा नव्हत्या." माझ्या मोबाईलमधला मी थोरल्या मुलाला दाखवला. तो म्हणाला, "काकू, चांगला आहे, पण हार घालायच्या फोटोत मांजर आणि खरकटे ताट शोभत नाही." त्याचेही खोटे नव्हते. चार माणसे काय म्हणतील हे त्याला बघायचे होते. मी गप्प बसले.

पण तेराव्याच्या आदल्या दिवशी लेक फळ्या आवरत होती. पिठाच्या डब्याखाली अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या घडीत तिला मी दिलेला कागदावरचा फोटो सापडला. मागे पेन्सिलीने, मावशींच्या मोठ्या मोठ्या अक्षरात लिहिले होते, "मी आणि काजळी, जेवताना." खाली तारीख. लेक तिथेच खाली बसली. मग उठली आणि भावाला म्हणाली, "आईने स्वतः ठेवलेला फोटो हा आहे. बाकी तुम्ही ठरवा."

त्यांनी काय ठरवले ते तुम्ही रोज पाहता. पुढच्या खोलीत ओळखपत्रावरचा फोटो आहे, त्याला हार आहे. खानावळीत, जिथे आता सूनबाई भाकऱ्या थापतात, तिथे मावशी आणि काजळी आहेत. जुने गिऱ्हाईक पुण्या-मुंबईहून आले की हात धुऊन पंक्तीला बसताना तिकडे पाहते आणि म्हणते, "या आमच्या मावशी!" काजळी अजून बुधवारी येते.

मावशींच्या संबंधाने आणखी एक गोष्ट बोलणे मला भाग आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी आपला फोटो निघतो. मागच्या सगळ्या फोटोंत मावशी नाहीत. तिळगूळ वळायला त्या सगळ्यांआधी येत, भांडी घासायला सगळ्यांच्या नंतर थांबत, आणि फोटोच्या वेळी आपण होऊन आत जात. त्यांना कोणी "जा" म्हटले नाही, हे खरे. पण "या" असेही कोणी म्हटले नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या वाट्याला येणाऱ्या या चालीरीती बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. एका खेड्याने जे केले ते आपल्या सुशिक्षित मंडळाला अवघड का असावे? माझी विनंती आहे की, येत्या संक्रांतीला फोटोच्या वेळी जी भगिनी आत सरेल, तिचा हात धरून तिला पहिल्या ओळीत आणावे. त्याला ठरावही लागत नाही. हात लागतो.

आता एक सावधगिरीचा शब्द. फोटो काढणे सोपे झाले म्हणून वाटेल तसा काढू नये. आपल्याच ओळखीतल्या एका सुनेचा ओट्यावर जेवतानाचा फोटो कोणी गंमत म्हणून नातेवाइकांच्या गटावर टाकला. तो सासरी कोणाकोणाच्या हातात गेला, आणि "सून उभ्याने जेवते" यावरून तिला आठवडाभर बोलणी बसली. म्हणून मी दोन प्रश्न नेमाने विचारते. काढण्याआधी, "काढू का?" आणि काढल्यानंतर, "कोणाला पाठवू का?" पहिल्याला हो म्हणणारी दुसऱ्याला नाही म्हणू शकते. तो तिचा हक्क आहे. नाही म्हटले तर तिच्या देखत पुसून टाकावा. मांजराला विचारावे लागत नाही, पण मांजराला सासर नसते.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडते. आपण मंडळाचा एक अल्बम करू. त्यात प्रत्येकीने वर्षाला दोन फोटो द्यायचे. एक, आपण रोज जे काम करतो ते करतानाचा आपला. तो मैत्रिणीने काढायचा, कारण आपला आपण काढला की काम बाजूला राहते आणि चेहराच येतो. दुसरा, घरातल्या किंवा शेजारच्या अशा एखाद्या बाईचा, जिचा रोजच्या कपड्यांतला फोटो आजवर कोणी काढलेला नाही. सासू, आत्या, धुणेवाली, भाजीवाली, कोणीही. विचारून काढायचा आणि एक प्रत तिला द्यायची.

फोटो कागदावर छापून घ्यावेत. मोबाईल पाण्यात पडतो, बिघडतो, आणि त्यातले चार हजार फोटो एका क्षणात जातात. पेटीतल्या फोटोला चार्जिंग लागत नाही. मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, तारीख लिहावी. चकचकीत कागदावर पेन्सिल उठली नाही तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावी. बॉलपेन दाबून लिहिले तर अक्षर पुढच्या बाजूला उमटते. चिकट पानांचे तयार अल्बम घेऊ नयेत. त्यांचा डिंक कालांतराने फोटो पिवळे करतो आणि मग ते सुटतही नाहीत. साधी जाड पाने नि कागदी कोपरे उत्तम. आपल्याकडे पावसात भिंतींना ओल येते, तेव्हा अल्बम जमिनीजवळ किंवा बाहेरच्या भिंतीच्या कपाटात ठेवू नये. अल्बमचा खर्च वर्गणीतून झाला नाही तर माझ्या ओल्या हळदीच्या लोणच्याच्या पहिल्या २० बरण्यांचे पैसे मी त्याला देईन. हे चिटणीसबाईंनी आत्ताच वहीत लिहून घ्यावे, म्हणजे मला घरी जाऊन विचार बदलता येणार नाही.

भगिनींनो, आणखी ५० वर्षांनी आपल्या नाती, पणती या अल्बमची पाने उलटतील. त्यांना आपले शालू नको असतील, ते सगळ्यांचे सारखेच असतात. आपली आजी पीठ कसे मळायची, कोणाशी हसायची, तिच्या पायाशी कोणते मांजर बसायचे, हे त्यांना हवे असेल. ते आज आपल्या हातात आहे, आणि अगदी फुकट आहे.

 चहा तयार आहे असे आतून खुणावत आहेत. चहा ओतणाऱ्या दोघींचा फोटो कोणी काढला नसेल, तर आधी तो काढू या.